‘बाद कामून?’ : अडथळ्यांची शर्यत आणि आक्षेपाचा अधिकार

महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माणसाच्या वाट्याला वर्षभरात बरीच अवांतर कामे येतात. निवडणुकीचे काम येते, परीक्षेतील बैठे पथक येते, आणि क्रीडास्पर्धा भरल्या की मैदानावरचे पंचपदही येते. शारीरिक शिक्षणाचे सर एकटे कुठे कुठे पुरणार? मग इतिहासाचे प्राध्यापक लांब उडीच्या खड्ड्यापाशी फीत धरून बसतात आणि मराठीचे प्राध्यापक हातात निशाण घेऊन धावपट्टीच्या कडेला उभे राहतात. नियमपुस्तिका कुणीच वाचलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत आलेले चार नियम एवढेच आमचे भांडवल असते.

काही वर्षांपूर्वी अर्धापूरच्या परिसरातील एका मैदानावर मुलींची शंभर मीटर अडथळ्यांची शर्यत होती. फक्कीने आखलेल्या पट्ट्या, कुंपणापलीकडे केळीच्या बागा, ध्वनिक्षेपकावर अखंड सूचना आणि आठव्या अडथळ्यापाशी पिवळे निशाण घेऊन उभा असलेला मी. माझ्या समोरच्या पट्टीतून धावणाऱ्या मुलीने आठवा आणि नववा असे दोन्ही अडथळे पायाने पाडले. तरी ती थांबली नाही आणि सगळ्यांच्या पुढे पोहोचली. मी निशाण वर केले. मुख्य पंचांनी विचारले, “काय झालं सर?” मी म्हणालो, “दोन अडथळे पाडले.” ते म्हणाले, “मग बाद.” दुसरी आलेली मुलगी पहिली झाली. सारा न्यायनिवाडा एका मिनिटात आटोपला.

थोड्या वेळाने ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गुडघा खरचटलेला, श्वास अजून खाली बसलेला नव्हता. तिने विचारले, “सर, मला बाद कामून केलं?”

मी उत्तरादाखल जे म्हणालो ते आपल्याकडे वडीलधारी माणसे नेहमीच म्हणतात : “पंचांचा निर्णय अंतिम असतो, बाळ.” तिच्यासोबत आलेल्या मॅडम पुढे झाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “चल गं. सरांशी वाद घालू नये.” ती गेली. पुढे केव्हातरी, निव्वळ कुतूहलापोटी, मी अडथळ्यांच्या शर्यतीचे नियम मिळवून वाचले आणि मला कळले, की ती मुलगी बाद नव्हतीच. तोवर प्रमाणपत्रे वाटून झाली होती.

‘कामून’ हा आमच्या मराठवाड्याचा शब्द. ‘का म्हणून’ याचे बोलीने घासूनपुसून केलेले हे रूप. नुसत्या ‘का’पेक्षा त्यात अधिक काही आहे. ‘का’ हा प्रश्न कुतूहलाचाही असू शकतो. ‘का म्हणून’ या प्रश्नात मात्र कारण मागण्याचा हक्क गृहीत धरलेला असतो. त्या मुलीने मला कारण मागितले होते आणि मी तिला अधिकार दाखविला. या दोहोंमधील अंतर किती मोठे आहे, हे समजून घेण्याच्या प्रयत्नातून प्रस्तुत लेख लिहिला जात आहे.

‘अडथळ्यांची शर्यत’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांनी इतका वापरला आहे, की मूळ शर्यत कशी असते याचा आपल्याला विसर पडला आहे. पीककर्ज मिळविणे ही अडथळ्यांची शर्यत, निवृत्तिवेतन मिळविणे ही अडथळ्यांची शर्यत, नांदेडहून मुंबईची रेल्वे पकडणे हीसुद्धा अडथळ्यांची शर्यत! या रूपकात अडथळा म्हणजे वाटेत आडवी आलेली, टाळावीशी वाटणारी गोष्ट. प्रत्यक्ष मैदानावर मात्र अडथळा टाळता येत नाही. तोच तर खेळ आहे. मुलींच्या शंभर मीटर शर्यतीत ८३.८ सेंटिमीटर उंचीचे, पुरुषांच्या एकशे दहा मीटर शर्यतीत १०६.७ सेंटिमीटर उंचीचे असे दहा अडथळे असतात आणि ते दहाही ओलांडावेच लागतात. ‘शर्यत’ हा शब्द आपल्याकडे अरबीतील ‘शर्त’ या शब्दातून आला. शर्त म्हणजे अट, करार. शर्यत म्हणजे नुसते धावणे नव्हे, तर ठरलेल्या अटींवर धावणे. आता अटच जर पंचाला ठाऊक नसेल, तर ती शर्यत उरते का?

तर अट अशी आहे. अडथळा पडला एवढ्यावरून धावपटू बाद होत नाही. अडथळ्याची रचनाच अशी असते, की साधारण साडेतीन ते चार किलोच्या जोराने त्याच्या माथ्याला धक्का बसला की तो पुढे कोलमडावा. त्याने धावपटूचा पाय मोडू नये, ही त्यामागची दृष्टी. पडलेला अडथळा धावपटूचा वेग खातो, तोल घालवितो; चुकीची शिक्षा जागच्या जागी होते. पंचाने ती पुन्हा देण्याचे कारण नाही. बाद होण्याची कारणे निराळी आहेत. ओलांडतेवेळी पाय अडथळ्याच्या बाजूने, त्याच्या माथ्याच्या पातळीखालून गेला, म्हणजे अडथळा वरून ओलांडण्याऐवजी बगलेने काढला, तर धावपटू बाद. हाताने किंवा अंगाने अडथळा पाडला वा सरकवला, तर बाद. आपला किंवा दुसऱ्याच्या पट्टीतील अडथळा अशा रीतीने पाडला, की दुसऱ्या धावपटूच्या धावण्याला बाधा आली, तरी बाद. त्या मुलीने यांतले काहीही केले नव्हते.

माझ्या डोक्यात असलेला नियम अगदीच हवेतून आलेला नव्हता. एकेकाळी तसा नियम होता. तीन किंवा अधिक अडथळे पाडणारा धावपटू पूर्वी बाद ठरे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडचा बॉब टिस्डाल चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ५१.७ सेकंदांत जिंकला, पण शेवटचा अडथळा त्याच्या पायाने पडला. सुवर्णपदक त्याला मिळाले. जागतिक विक्रम मात्र तेव्हाच्या नियमानुसार त्याच्या नावावर लागला नाही. विक्रमाची नोंद झाली ती त्याच्या मागून आलेल्या अमेरिकेच्या ग्लेन हार्डिनच्या नावावर! पुढे वजनाच्या तोलावर उभे राहणारे, धक्का लागताच कोलमडणारे अडथळे आले आणि तो जुना नियम कालबाह्य झाला. मैदानावरचा नियम बदलला, पण आमच्यापर्यंत तो पोहोचला नाही. रद्द झालेल्या कायद्यान्वये आम्ही एका मुलीला शिक्षा सुनावली, असेच म्हणावे लागेल.

त्याच १९३२ च्या स्पर्धेतील दुसरी एक घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. एकशे दहा मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अमेरिकेच्या जॅक केलरला तिसरा घोषित करून कांस्यपदक देण्यात आले. नंतर चित्रफीत पाहिल्यावर ध्यानात आले, की तिसरा आला होता ब्रिटनचा डोनाल्ड फिनले. निर्णय बदलला. केलरने स्वतः जाऊन फिनलेच्या हाती पदक दिले. निर्णय बदलल्यामुळे पंचांची अब्रू गेली नाही. पदक परत केल्यामुळे केलरही लहान झाला नाही. उलट, त्या शर्यतीतील सर्वांत उजळ आठवण आज तीच आहे.

जागतिक पातळीवर अशा फेरविचाराची रीतसर वाट आखलेली आहे. निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत धावपटूने स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणी रेफरीकडे तोंडी आक्षेप नोंदवायचा. रेफरीचा निर्णय मान्य नसेल तर आणखी तीस मिनिटांच्या आत लेखी अपील अपील-मंडळाकडे करायचे. त्यासोबत शंभर डॉलरची अनामत ठेवायची. अपील फेटाळले गेले तर ती जप्त होऊ शकते. म्हणजे आक्षेप घेणे हा उद्धटपणा नाही. पंचांच्या निर्णयप्रक्रियेचाच तो एक टप्पा आहे. निर्णय ‘अंतिम’ असतो तो ही वाट चालून झाल्यावर, निशाण वर गेल्याबरोबर नव्हे.

ही वाट किती मोलाची असते, हे मराठवाड्याने तरी विसरू नये. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस धावत होता. स्टीपलचेस ही अडथळ्यांच्या शर्यतीची थोरली बहीण. तीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. तिथले अडथळे मात्र कोलमडत नाहीत, आणि स्वतंत्र पट्ट्या नसल्यामुळे सगळे धावपटू एकाच गर्दीत त्यांवर झेपावतात. प्राथमिक फेरीत इथिओपियाचा एक धावपटू अडखळला आणि त्या गोंधळात साबळेची वाट अडली. तरीही त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. पण तो सातवा आला आणि अंतिम फेरीबाहेर राहिला. इथे सामान्यतः कहाणी संपते. आपण ‘नशीब’ म्हणतो, वृत्तपत्रे ‘दुर्दैवी साबळे’ असा मथळा देतात. पण भारतीय पथकाने आक्षेप नोंदविला. चित्रफीत तपासली गेली, दुसऱ्याच्या वाटेत आल्याबद्दलच्या नियम क्रमांक १६३.२ चा आधार घेतला गेला आणि साबळेला अंतिम फेरीत स्थान मिळाले. ४ ऑक्टोबरला तो अंतिम फेरीत तेरावा आला, पण वेळ दिली ८ मिनिटे २१.३७ सेकंद. तीन दिवसांत दुसऱ्यांदा राष्ट्रीय विक्रम, आणि टोकियो ऑलिंपिकसाठी लागणारी ८ मिनिटे २२ सेकंदांची पात्रताही त्याच धावेत पूर्ण झाली. त्याच्या पुढच्या वाटचालीचे, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील रौप्याचे वा २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णाचे, सारे श्रेय त्या आक्षेपाला देणे अतिशयोक्तीचे होईल. तो गुणी धावपटू दुसऱ्या वाटेनेही तिथे पोहोचला असता. पण जागतिक स्पर्धेतील ती अंतिम फेरी मात्र त्याला आक्षेपानेच मिळवून दिली.

दुसरे उदाहरण २०२३ चे. १ ऑक्टोबरला हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेतील महिलांच्या शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. चीनची वू यानी बंदुकीच्या बाराआधी सुटली. शेजारची ज्योती याराजीही तिच्यापाठोपाठ हलली. पंचांनी दोघींना लाल कार्ड दाखविले. ज्योती जागची हलली नाही.  ‘चित्रफीत पाहा’ एवढेच तिचे म्हणणे होते. पहिली हालचाल कुणाची, हाच खरा मुद्दा होता. कारण दुसऱ्याच्या चुकीमुळे हललेला धावपटू दोषी ठरत नाही. अखेर दोघींनाही आक्षेपाधीन धावू देण्यात आले. वू दुसरी, ज्योती १२.९१ सेकंदांत तिसरी आली. त्यानंतर वू बाद ठरली आणि ज्योतीला रौप्यपदक मिळाले. यजमान देशाच्या मैदानावर, यजमान प्रेक्षकांसमोर, यजमान धावपटूच्या विरोधात हा निर्णय झाला, हेही नमूद केले पाहिजे. क्षणभर कल्पना करावी, की लाल कार्ड पाहताच कुणीतरी ज्योतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले असते, “चल गं. वाद घालू नये.”

आपल्या बाजूने लागलेल्या निर्णयांच्या कथा सांगणे सोपे असते. नियमाची परीक्षा मात्र तो आपल्याविरुद्ध जातो तेव्हा होते. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राच्या अर्चना आढावने महिलांची आठशे मीटर शर्यत जिंकली. शेवटच्या टप्प्यात तिचा धक्का लागला, असा आक्षेप श्रीलंकेने घेतला. तो मान्य झाला आणि अर्चनाचे सुवर्ण श्रीलंकेच्या धावपटूला देण्यात आले. ती अडथळ्यांची शर्यत नव्हती, पण तत्त्व तेच : दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये. आपल्या मातीवर आपल्या मुलीचे पदक जाताना सर्वांनाच हळहळ वाटली. पण ज्या कारणाने श्रीलंकेचा आक्षेप मान्य झाला, त्याच कारणाने दोन वर्षांनी दोह्यात आपला आक्षेप मान्य झाला. एकाच नियमाने एका मराठी धावपटूकडून घेतले आणि दुसऱ्याला दिले. नियमाला आपले-परके नसणे म्हणजे काय, ते या दोन उदाहरणांवरून समजावे.

अर्थात आक्षेपाने सगळे भरून निघते, असेही नाही. २०११ मध्ये दक्षिण कोरियातील देगू येथे एकशे दहा मीटर अडथळ्यांच्या जागतिक अंतिम फेरीत क्युबाचा डेरॉन रोब्लेस पहिला आला. पण शेवटच्या अडथळ्यांपाशी त्याचा हात शेजारून धावणाऱ्या चीनच्या लिउ शिआंगला लागला होता. चीनने आक्षेप घेतला, रोब्लेस बाद झाला. क्युबाचे अपील फेटाळले गेले. सुवर्ण मिळाले ते अमेरिकेच्या जेसन रिचर्डसनला. ज्याची वाट अडली त्या लिउला रौप्यावर समाधान मानावे लागले. नियम चुकीने मिळविलेले काढून घेऊ शकतो. बिघडलेले पाऊल मात्र परत देऊ शकत नाही. आणि जिथे नियमभंगच नाही, तिथे तर आक्षेपालाही जागा नसते. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाच्या अंतिम शर्यतीत दुसऱ्याच एका धावपटूने आधी धाव सुरू केल्याने शर्यत पुन्हा सुरू करावी लागली. उषाची सुरुवातीची लय गेली आणि कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्या एका शतांशावर कुठे दाद मागणार?

इथे एक आक्षेप माझ्यावरही घेतला जाईल. प्रत्येक हरणारा जर आक्षेप घेऊ लागला तर खेळ कसा चालायचा? लहानपणी आपण ज्याला ‘रडीचा डाव’ म्हणत असू, त्यालाच हे प्रतिष्ठा देणे नव्हे का? प्रश्न रास्त आहे. पण रडीचा डाव आणि आक्षेप यांत मूलभूत भेद आहे. रडी घेणारा नियम सांगत नाही, तो गळा काढतो. आक्षेप घेणारा नियम सांगतो, मुदतीत येतो, अनामत ठेवतो आणि निर्णय विरुद्ध गेला तर तो मान्य करण्यास बांधील राहतो. तीस मिनिटांची मर्यादा आणि शंभर डॉलरची अनामत या दोन गोष्टी रडी आणि आक्षेप यांच्यातील सीमारेषाच होत. ज्या व्यवस्थेत आक्षेपाला दार नसते, तिथेच रडीचा डाव बोकाळतो. कारण न्याय मागण्याचा दुसरा मार्ग शिल्लक नसतो. ग्रामीण स्पर्धांतून होणारी बाचाबाची, मैदानात घुसणारे समर्थक, अर्ध्यावर थांबलेले सामने यांचे मूळ पुष्कळदा इथे आहे.

माझ्या मते दोष आपल्या न्यायकल्पनेतही आहे. आपण ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतो. पंच हा शब्दच आपण गावच्या पंचांकडून मैदानावर आणला आणि त्यासोबत त्या आसनाचा दरारासुद्धा आणला. निःस्पृह न्यायाची आठवण आली की आपल्या ओठी रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव येते. ते आदरणीयच आहे. पण आपली सारी भिस्त व्यक्तीच्या बाण्यावर, पद्धतीवर नाही. रामशास्त्री भेटले तर न्याय, न भेटले तर नशीब. त्या दिवशी आठव्या अडथळ्यापाशी उभा असलेला मी लबाड नव्हतो, पक्षपाती तर मुळीच नव्हतो. मी प्रामाणिकपणे चुकलो होतो. प्रामाणिक माणसाच्या चुकीवर इलाज बाण्याने होत नाही. त्यासाठी दुसऱ्याने विचारण्याची आणि तिसऱ्याने तपासण्याची सोय असावी लागते.

शिक्षणक्षेत्रात ही सोय आपण, नाखुशीने का होईना, स्वीकारली आहे. एकेकाळी उत्तरपत्रिका म्हणजे कुलूपबंद ठेव होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, असा निर्वाळा दिला, तेव्हा प्राध्यापकवर्गात थोडी खळबळ उडाली होती. आता आपले गुण चव्हाट्यावर येणार, रोज वाद होणार! तसे काही झाले नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी अधिक काळजीपूर्वक तपासू लागलो. कुणीतरी ‘कामून’ विचारू शकते, या जाणिवेने हात थोडा सावरून चालतो.

मग मैदानावरच संकोच कशाला? आपल्या तालुक्यांतून गुणवत्ता येत नाही, असे तर नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तेजस शिरसेने २०२४ च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये एकशे दहा मीटर अडथळे १३.४१ सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला. अशी मुले पहिली शर्यत धावतात ती आमच्यासारख्या हौशी पंचांसमोर. दोह्यात साबळेच्या मागे नियम जाणणारे पथक होते, कॅमेरे होते. तालुक्याच्या मैदानावर मुलाच्या मागे असतात गावाकडच्या गाडीची वेळ सांभाळणारे एक सर. तिथे एका चुकीच्या निशाणाने मूल पुढच्या फेरीला मुकते, आणि कित्येकदा मैदानालाच मुकते. त्याची नोंद कुठेच राहत नाही.

फार मोठ्या सुधारणांची गरज नाही. शर्यतीआधी ध्वनिक्षेपकावरून बाद होण्याची कारणे वाचून दाखवावीत. आक्षेप कुणाकडे आणि किती वेळात नोंदवायचा, ते सांगावे. कुणाला बाद केले तर निकालपत्रावर कारण एका वाक्यात लिहावे. विद्यार्थ्यांकडून अनामत घेऊ नये. शक्य तिथे एखाद्याच्या भ्रमणध्वनीवर शर्यतीचे चित्रण करून ठेवावे. यांतल्या कशालाही पैसा लागत नाही. लागते ती आपली चूक होऊ शकते, हे मान्य करण्याची तयारी.

मी अजूनही बोलावले की पंच म्हणून जातो; आता पुस्तिका खिशात असते. मागे एका स्पर्धेत एक मुलगा आक्षेप घेऊन आमच्या टेबलापाशी आला. शेजारच्याने हाताने अडथळा ढकलला, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही त्या अडथळ्यावरच्या पंचांना बोलावले, विचारले, चित्रण दोनदा पाहिले. हात लागलेला नव्हता. आक्षेप फेटाळला आणि का फेटाळला, ते त्याला चित्रण दाखवून सांगितले. तो नीट पाहत राहिला, “ठीक आहे, सर” म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

तो हरूनच गेला. पण कारण घेऊन गेला. त्या मुलीला मात्र मी ते देऊ शकलो नाही. तिचे नाव निकालपत्रावर कुठेच उरलेले नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवतो : तू बाद नव्हतीस. चूक पंचांची होती.